चंद्रोदय, दिल्ली ते शिकागो

"अमेरिका डावीकडं आहे," वहिनी म्हणाल्या, "आणि हे विमान सरळ वर जाऊन राहिलं."

समोरच्या सीटच्या पाठीला वहीएवढा पडदा होता. त्यावर जगाचा नकाशा आणि नकाशावर एक पांढरं विमान होतं. खाली आकडे आळीपाळीनं यायचे: किती अंतर उरलं, किती वेळ उरला, बाहेर किती थंडी आहे. दुपारी बाराला दिल्ली सोडल्यापासून वहिनींनी त्या पडद्यावरची नजर काढली नव्हती.

"नकाशा सपाट आहे, वहिनी. पृथ्वी गोल आहे. नारळावर दाखवलं होतं ना तुम्हाला."

"मला दाखवलं. या पायलटला कोणी दाखवलं का?"

"त्याला माहीत असतं."

"माहीत असलं म्हणजे बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागल्या. "अजून दहा हजार किलोमीटर. आपलं वर्धा ते नागपूर किती वेळा होईल गं?"

मी मनातल्या मनात भागाकार करायला लागले, तेवढ्यात जेवणाची गाडी आली. हवाई सुंदरीनं माझ्यासमोर ट्रे ठेवला आणि वहिनींकडे बघून हसली. वहिनींनी हात जोडले, आधी तिला, मग ट्रेला.

"उपवास है," त्या म्हणाल्या.

"फ्रूट दूँ, आंटीजी? जूस?"

"चाँद निकलने के बाद."

मुलीनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वरणभात खाऊ लागले.

मनोरमावहिनी माझ्या मोठ्या जाऊबाई. मोठे दीर जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा एकुलता मुलगा श्रीरंग शिकागोला, सून केतकीला मुलगी झाली होती आणि आजी आल्याशिवाय बारसं करायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. वहिनी सहासष्ट वर्षांच्या, विमानात कधी बसलेल्या नव्हत्या. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते, तेव्हा त्यांना पोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तिकिटं श्रीरंगनं काढली. भाडं बघितलं, स्वतःची रजा बघितली, दिल्लीनंतर मधे कुठे उतरावं लागू नये हेही बघितलं. फक्त कॅलेंडर बघितलं नाही. निघायच्या आठवडाभर आधी वहिनी स्वयंपाकघरातल्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शैला, त्या दिवशी संकष्टी आहे."

वहिनींची संकष्टी साधी नव्हती. बाकीच्या बायका साबुदाण्याची खिचडी खातात, केळं खातात, दूध घेतात. वहिनी दिवसभर फक्त पाणी पीत. रात्री चंद्र दिसला की नैवेद्य, मग जेवण. आकाशात ढग असले तर कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ उलटल्यावर. श्रीरंगला लहानपणी टायफॉइड झाला होता, तेव्हापासून त्यांनी ही संकष्टी धरली असावी असं आम्ही सगळे समजत होतो. विचारलं कोणीच नव्हतं. दहा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टर म्हणाले, असले उपवास बंद करा. वहिनींनी डॉक्टर बदलला.

श्रीरंगचा फोन आला तेव्हा तो माझ्यावरच चिडलेला होता. "काकू, इथे चंद्र संध्याकाळी सातला निघतो त्या दिवशी. म्हणजे तिकडची दुसऱ्या दिवशीची सकाळ. अख्खी रात्र जाईल आणि वर पंधरा तासांचा प्रवास. तिची शुगर उतरली तर विमानात काय करशील?"

"तारीख बदलता येईल का?"

"येत नाही. आणि ती ऐकेल का?"

"नाही ऐकणार."

"मग तूच काहीतरी कर. सायन्सवाली आहेस."

हा घराण्यातला जुना टोमणा होता. फ्यूज उडाला, दही विरजलं नाही, कोणाला मूल होत नाही, सगळ्याला 'शैला सायन्सवाली आहे'. पण या वेळी त्यात खरंच माझ्या कामाचं काही होतं. मी पंचांग काढलं, कॅल्क्युलेटर काढला आणि दोन दुपारी बसून हिशेब केला.

दिल्लीहून शिकागोला सर्वांत जवळचा रस्ता पश्चिमेकडून जात नाही. तो उत्तरेला चढतो, ध्रुवाच्या अलीकडून वळतो आणि पलीकडे कॅनडात उतरतो. वहिनींना हे मी नारळावर दाखवलं होतं. शेंडी म्हणजे उत्तर ध्रुव, एका बाजूला कुंकवाचा ठिपका दिल्ली, दुसऱ्या बाजूला शिकागो, आणि मधे ताणलेला दोरा. दोरा शेंडीजवळून गेला. "म्हणजे बारा हजार किलोमीटर," मी म्हणाले, "आणि नकाशावरच्यासारखं आडवं गेलं तर पंधराच्याही पुढे."

"चांगला नारळ खराब केलास," वहिनी म्हणाल्या. पण दोऱ्याला त्यांनी एकदा बोट लावून पाहिलं.

माझ्या हिशेबातला महत्त्वाचा भाग त्यापुढे होता. त्रिपुरी पौर्णिमेनंतरची ती संकष्टी, आणि त्या वर्षी त्या दिवसांत चंद्र आकाशात फार उत्तरेला होता. असा चंद्र खूप उत्तरेकडच्या प्रदेशात मावळतच नाही, क्षितिजाच्या वर नुसता गोल फिरत राहतो. आमचं विमान त्याच प्रदेशात शिरणार होतं. चंद्र आमच्याकडे यायची वाट बघायची गरज नव्हती. आम्हीच त्याच्याकडे चाललो होतो.

"आपल्या घड्याळात साडेचारच्या सुमाराला," मी वहिनींना सांगितलं. "उत्तरेला दिसेल."

"चंद्र उत्तरेला निघत नाही, शैला."

"तिथे निघतो."

"आणि नाही दिसला तर?"

"विमान ढगांच्या वरून जातं. दिसेलच."

"दिसला तर जेवीन. तुझ्या आकड्यांवर नाही जेवणार."

"ढग असले की कॅलेंडरवरच्या आकड्यांवर जेवताच की."

"ते कॅलेंडर आहे. दरवर्षी छापतात त्याला. तुला कोणी छापलं?"

मला दोन-चार ठिकाणी छापलं होतं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. मी श्रीरंगला फोन करून उजव्या बाजूच्या जागा घ्यायला लावल्या. डावीकडे मावळतीचं ऊन असेल, उजवीकडे चंद्र. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

विमानात साडेचार वाजले. मी वहिनींच्या मांडीवरून वाकून बाहेर पाहिलं. खाली पांढरी सपाट जमीन होती, त्यात एक गोठत आलेली नदी वळणं घेत गेली होती. वर निळं-जांभळं आकाश. चंद्र नव्हता.

पाच-दहा मिनिटं मी तशीच वाकून राहिले. त्यांच्या पडद्यावर पांढरं विमान उरल पर्वताच्या बाजूनं वर सरकलं होतं, त्याचं नाक थेट नकाशाच्या वरच्या कडेकडे. मी त्या नाकाकडे बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं.

चंद्र उत्तरेला निघणार होता. विमान उत्तरेलाच चाललं होतं. चंद्र निघाला असणार, पण तो आमच्या समोर होता, आणि विमानाच्या खिडक्या बाजूला असतात. आमच्यापुढे माणसांच्या वीस-पंचवीस रांगा, मग स्वयंपाकाची जागा, मग एक बंद दार, आणि त्या दाराच्या पलीकडे काच. मी चंद्राची वेळ काढली, दिशा काढली, उंचीमुळे क्षितिज किती खाली जाईल तेही काढलं. विमानात बसलेला माणूस समोर बघू शकत नाही, एवढी गोष्ट सुचली नव्हती.

"वहिनी," मी म्हणाले, "थोडा उशीर होणार आहे."

"चंद्राला?"

"चंद्राला नाही. आपल्याला. तो निघालाय, पण नाकासमोर आहे. विमान जरा डावीकडे वळलं की आपल्या खिडकीत येईल. तासभर लागेल."

"बरं," त्या म्हणाल्या.

ते 'बरं' मला बरोबर वाटलं नाही. वहिनी एवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम होता. विमानात सगळे पांघरुणं ओढून बसले होते आणि त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. मी हात हातात घेतला. गार आणि ओला होता, बोटं थरथरत होती.

"वहिनी, उपवासाच्या दिवशी तुम्ही सकाळची शुगरची गोळी घेत नाही ना?"

"नाही घेत."

"आज?"

त्यांना आठवायला वेळ लागला. "आज... नागपूरच्या विमानतळावर पर्समधून पाणी काढलं. गोळ्या पाण्याजवळच होत्या. घेतली वाटते, सवयीनं."

मी घंटी दाबली. तीच मुलगी आली. तिच्या छातीवर 'रोझलिन' अशी पट्टी होती. मी तिला संत्र्याचा रस आणायला सांगितलं, साखर घालून, आणि तिनं कारण न विचारता धावतच आणला. मी पेला वहिनींच्या तोंडाशी धरला. त्यांनी ओठ मिटून घेतले.

"शुगर उतरलीय तुमची. हे आत्ता प्यावं लागेल."

"चंद्र."

"चंद्र निघालाय, वहिनी."

"दिसून नाही राहिला."

"समोर आहे. पायलटला दिसत असेल."

"मग पायलटनं जेवावं."

घाम पुसायची ताकद नव्हती, पण हे बोलायची होती. रोझलिनला मराठी कळत नव्हतं तरी तिला काहीतरी कळलं असावं. मी तिला शक्य तेवढ्या थोडक्यात सांगितलं: यांना चंद्र दिसल्याशिवाय खायचं नाही, चंद्र समोर आहे, आपल्या बाजूनं दिसत नाही. "प्लीज, कॅप्टनना विचारा. समोर, जरा उजवीकडे, क्षितिजाजवळ."

तिनं हे ऐकून घेतलं, जसं रोज कोणीतरी असं विचारतं. "पूछती हूँ," म्हणाली आणि पुढे गेली. पडद्याआड भिंतीवरचा फोन उचलताना मला तिचा हात दिसला.

मी पेला धरून बसले. वहिनींचे डोळे अर्धे मिटले होते आणि त्या बाहेर न बघता माझ्याकडे बघत होत्या. त्या बेशुद्ध झाल्या तर काय करायचं याची उजळणी माझ्या मनात सुरू झाली. हिरडीला साखर चोळायची, कुशीवर वळवायचं. श्रीरंगला काय सांगायचं तेही. जबरदस्तीनं पाजता येईल का, हाही विचार आला, आणि तो करताना जाणवलं की माझ्यानं ते होणार नाही. ते व्रत मी कधी मानलं नव्हतं, पण त्यांचे मिटलेले ओठ उघडायचा हक्कही मला नव्हता.

"शैला," त्या हळू म्हणाल्या. "खरंच निघाला?"

"निघाला."

"तू पाहिला?"

"नाही."

"मग?"

"माहीत आहे," मी म्हणाले. "आपली वेळ चुकली नाही. खिडकी चुकली."

त्यांनी एक श्वास घेतला. मग मान थोडी पुढे केली आणि तोंड उघडलं.

पेला संपायला वेळ लागला. थोडा रस हनुवटीवरून पदरावर सांडला. मी दुसरा पेला मागवणार तोच रोझलिन परत आली, जवळजवळ पळत, आणि तिच्या चेहऱ्यावर नोकरीचं हसू नव्हतं, खरं हसू होतं.

"कॅप्टन कह रहे हैं, बिलकुल सामने है. थोडा राइट में. बहुत बड़ा है, पीला-पीला. पंद्रह-बीस मिनट से देख रहे हैं."

मी वहिनींना मराठीत सांगितलं.

"सांग त्याला," वहिनी म्हणाल्या, "उशीर झाला."

पाच-सात मिनिटांनी त्यांचा हात कोरडा झाला. मी बिस्किटं भरवली. रोझलिननं वहिनींसाठी ठेवलेलं जेवण गरम करायला टाकलं. वहिनी खिडकीला डोकं टेकवून बसल्या होत्या, थकलेल्या, पण डोळ्यांत पुन्हा त्यांची नेहमीची धार आली होती.

"असा हट्ट धरायला नको होता," मी म्हणाले. "श्रीरंगला हे ऐकून काय वाटलं असतं? त्याच्यासाठी धरलेल्या व्रतापायी..."

"श्रीरंगसाठी कोण म्हणालं?"

"टायफॉइडच्या वेळी नाही का धरलीत?"

"टायफॉइड आला तेव्हा माझी संकष्टी वर्षाची झाली होती." त्यांनी पदरावरचा रसाचा डाग नखानं खरवडला. "तू गेलीस तेव्हा धरली."

लग्नानंतर दीड वर्षानं मी संशोधनासाठी एडिनबराला गेले होते, दोन वर्षं. सुधाकरचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, होकार होता. बाकी घरात त्यावरून महिनाभर अबोला होता. वहिनी तर मला निरोप द्यायला दारापर्यंतही आल्या नव्हत्या.

"सासूबाई रोज म्हणत, अशी गेलेली बाई परत येत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी ह्यांना विचारलं, किती लांब आहे ते? हे म्हणाले, विमानानं जातात, एका दिवसात. मी म्हटलं, दिवस नका सांगू, अंतर सांगा. कोणाला सांगता येईना. तुझ्या सुधाकरलाही नाही. जिथं जायचं त्याचं अंतर माहीत नाही आणि बाई पाठवून दिली. मग काय करायचं? संकष्टी धरली."

"माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी काऊन? माझ्यासाठी. तू आली नसतीस तर चौदा माणसांच्या पोळ्या जन्मभर मी एकटीनं लाटल्या असत्या."

"पण मी परत आले, वहिनी. दोन वर्षांत."

"आलीस ना. म्हणून काय लगेच सोडायची? काम झालं की ओळख विसरली, असं वाटलं असतं त्याला." 'त्याला' म्हणताना त्यांनी पर्सकडे हनुवटी केली. पर्समध्ये छोट्या चौकटीतला गणपती होता. "आणि मग सवय लागली. सवयीचं काय, गोळीसारखंच."

पंचवीस-तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो होतो, मग शेजारच्या दोन घरांत. दर महिन्याला एकदा त्या गच्चीत जाऊन चंद्र बघत, आणि मी खाली माझे पेपर तपासत असे. एवढ्या वर्षांत एखाद्या वेळी तरी मी वर जाऊन उभी राहिले असते तर त्यांनी सांगितलं असतं का, कोण जाणे. बहुतेक नसतं सांगितलं.

"अंतर किती होतं गं?" त्यांनी विचारलं.

"एडिनबराचं? साडेसात हजार. सरळ गेलं तर."

"सरळ म्हणजे नारळावरचं सरळ?"

"हो. नारळावरचं."

"हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या, "तर बरं झालं असतं."

जेवण आलं. वहिनींनी पर्समधली चौकट काढून ट्रेवर उभी केली. डब्यातला एक तळलेला मोदक तिच्यासमोर ठेवला, डोळे मिटले, आणि तो मोदक मोडून अर्धा मला दिला, अर्धा रोझलिनला. तिनं तो उभ्या उभ्याच खाल्ला. मग वहिनींनी भात कालवला.

बाहेर संधिप्रकाश निळा होत गेला. खालची जमीन संपून समुद्र लागला होता, त्यावर बर्फाचे तुकडे तरंगत होते. पडद्यावरचं विमान हळूहळू डावीकडे कलू लागलं होतं. मी वहिनींच्या पुढून वाकून काचेला गाल लावला. खिडकीच्या पुढच्या कडेशी आधी नुसता उजेड आला, मग एका बाजूनं झिजलेला पिवळा चंद्र. तो वर चढत नव्हता. क्षितिजाच्या कडेनं आडवा सरकत होता, मी कागदावर काढला होता तसाच. कागदावर काढलेली गोष्ट समोर येऊन उभी राहिली की तिच्याकडे बघताना जरा लाजल्यासारखं होतं. माझं तसं झालं.

"वहिनी, दिसला."

"दिसू दे," त्या म्हणाल्या. घास तोंडात होता. "आधी हे वरण गार होऊन राहिलं."

त्यांनी सावकाश जेवण संपवलं. बोटं पुसली, ट्रे झाकला. मगच खिडकीकडे वळल्या, आणि मग बराच वेळ वळूनच बसल्या. पेल्यातल्या पाण्याचे दोन थेंब त्यांनी काचेवर सोडले, ते खाली ओघळले. त्यांनी हात जोडले. मीही जोडले, शेजारी बसले होते म्हणून.

शिकागोला उतरलो तेव्हा तिथे त्याच दिवसाची संध्याकाळ होती आणि अजून ऊन होतं. श्रीरंग दारातच उभा होता. त्यानं आईच्या पायांना हात लावला आणि वाकलेल्या अवस्थेतच तिचा हात धरून नाडी बघितल्यासारखं केलं.

"आई, ठीक आहेस ना? अजून दोन-तीन तास फक्त. इथे सातला निघेल, मी नेटवर बघितलंय. केतकीनं सगळं तयार ठेवलंय, निघाला की लगेच बसायचं."

"मी जेवले," वहिनी म्हणाल्या.

तो थांबला. "चंद्र?"

"तोही दिसला. नंतर."

"नंतर म्हणजे?"

"जेवण झाल्यावर," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातातली ट्रॉली स्वतःकडे ओढली आणि पुढे ढकलू लागल्या. "चल. नात कुठं आहे माझी?"

श्रीरंगनं माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली आणि वहिनींच्या मागून चालू लागले.